शिकाऊ उमेदवार

'उमेदवार' हा शब्द आजकाल निवडणुकीने जवळजवळ आपल्या मालकीचा करून टाकला आहे. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांच्या कानी तो पडे तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे मतपेटी येत नसे, कचेरी येत असे. फारसीतील 'उमेद' म्हणजे आशा. ती बाळगून बसलेला तो उमेदवार. एकोणिसाव्या शतकातील मामलेदार-कचेरीत मोडी अक्षर बरे असलेला आणि जमाखर्चात न चुकणारा एखादा तरुण कारकुनाच्या शेजारी सतरंजीवर बसून नकला करी, दप्तरे बांधी, प्रसंगी साहेबाच्या दौऱ्याबरोबर पायपीट करी. आणि ह्या सर्वांबद्दल त्याला बहुधा एक पैही मिळत नसे. कोणी कारकून वारला, बदलला किंवा पेन्शनीत निघाला, तर त्या जागी आपली वर्णी लागावी, एवढीच त्याची आशा. ह्या अवस्थेस उमेदवारी म्हणत. ती काही महिन्यांत संपे किंवा कित्येक वर्षे रेंगाळे. तिची मुदत कोणी लिहून ठेवलेली नसे.

गावगाड्यात ही अवस्था नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. सुताराचा मुलगा बापाच्या नेटापाशी बसून वाकस धरावयास शिके, कुंभाराचा मुलगा चाकापाशी वाढे. परंतु त्यांस उमेदवार म्हणण्याचे कोणाच्या मनात आले नाही. कारण उघड आहे. त्यांची जागा जन्मतःच ठरलेली होती. आशा करावयाची ती कशाची? जागा जेव्हा जन्माने मिळेनाशी होते, ती दुसऱ्या कोणाच्या देण्यावर अवलंबून राहते, तेव्हाच उमेदवार उत्पन्न होतो. म्हणून उमेदवारीचा इतिहास हा एका अर्थी वतनाबाहेर पडलेल्या माणसाचा इतिहास आहे. त्यात दोन धागे पहिल्यापासून एकमेकांत गुंतलेले दिसतात. एक शिकण्याचा व दुसरा वाट पाहण्याचा. पुढे कायद्याने ह्या शब्दामागे 'शिकाऊ' असे विशेषण लाविले, ते पहिला धागा बळकट व्हावा म्हणून. दुसरा त्यामुळे तुटला की काय, हे ह्या लेखात पाहावयाचे आहे.

हा इतिहास परभणी जिल्ह्यातील सेलूवरून पाहण्यात एक सोय आहे. मुंबई-पुण्याहून पाहिले असता यंत्रविद्येचे शिक्षण हे एका सरळ रेषेत वाढत गेले असा भास होतो. १८५४ मध्ये पुण्यास अभियांत्रिकीची शाळा निघाली. १८८७ मध्ये मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली, जिच्यात लक्ष्मणराव किर्लोस्कर काही काळ शिक्षक होते. १८९० मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने बडोद्यास कलाभवन उभे राहिले. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली आणि १९१५ मध्ये टाटांनी खोपोलीस पाण्यापासून वीज निर्माण केली. सेलूस ह्यांपैकी काहीच दिसत नव्हते. दुधनेच्या खोऱ्यातील हे काळ्या मातीचे व कापसाच्या बाजाराचे गाव निजामाच्या मुलखात होते. १९४० साली तेथे जन्मलेला मनुष्य वीस वर्षांचा होईपर्यंत निजामाचे राज्य, १९४८ नंतरचे हैदराबाद राज्य, १९५६ च्या १ नोव्हेंबरपासूनचे द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० च्या १ मेपासूनचे महाराष्ट्र अशा चार राजवटींचा प्रजाजन होऊन चुकला होता. प्रत्येक राजवटीने त्याच्या शिक्षणाची भाषा, परीक्षा व नोकरीचे दार ह्यांत काही ना काही फेरफार केला. अशा गावच्या मुलास यंत्रापर्यंत पोहोचण्याची वाट कशी सापडली, हा प्रश्न मुंबईकराच्या प्रश्नाहून वेगळा आहे.

कायद्याच्या दृष्टीने ह्या विषयाचा आरंभ १८५० मध्ये होतो. कंपनी सरकारने त्या वर्षी उमेदवारीसंबंधी एकोणिसावा कायदा केला. तो कोणासाठी होता हे पाहिले म्हणजे मन थोडे अस्वस्थ होते. मुख्यत्वे अनाथ, व सार्वजनिक धर्मादायावर वाढलेली गरीब मुले ही त्याच्या डोळ्यांपुढे होती. दहा वर्षांवरील व अठरा वर्षांखालील मूल बापाने अथवा पालकाने एखाद्या कारागिराकडे करार करून 'बांधून' द्यावे. मुदत सात वर्षांहून अधिक नसावी व ती मुलगा एकवीस वर्षांचा होण्यापलीकडे जाऊ नये. मुलगी असेल तर तिच्या विवाहापलीकडे जाऊ नये. इंग्लंडातील जुन्या कारागीर-संघांची ही पद्धत होती. तिच्यात शिक्षण होते ह्यात संशय नाही. परंतु ज्यांस कोणी विचारणारे नाही अशांची सोय लावावी, हाही हेतू तीत उघड होता. शिक्षणासाठी उमेदवारी आणि निर्वाहासाठी उमेदवारी ह्यांची सरमिसळ आपल्या कायद्यात अशी पहिल्याच पानावर झालेली आहे. सेलूस हा कायदा लागू नव्हता. तेथे निजामाचा अंमल होता. तेथे यंत्र आले ते कायद्याच्या मार्गाने नव्हे, रुळांवरून आले.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत गोदावरी खोऱ्याची मीटर गेज रेल्वे सुरू झाली आणि जालना व परभणी ह्यांच्या दरम्यान सेलू हे स्टेशन झाले. कापसाच्या गाठी ह्या गाडीने बाहेर जाऊ लागल्या. परंतु रेल्वे ही नुसती वाहतुकीची सोय नसते. ज्या मुलाने आयुष्यात मोटेच्या चाकाहून मोठे यंत्र पाहिलेले नाही, त्याच्या दृष्टीस इंजिन, सिग्नल, तारयंत्र व पाण्याची टाकी ही एकदमच पडतात. हिंदुस्थानात यंत्रकामाची पहिली मोठी शाळा रेल्वेचे कारखाने हीच होय. बिहारमधील जमालपूरचा कारखाना १८६२ चा. तेथे पुढे १९२७ पासून विशेष वर्गाचे उमेदवार घेऊन त्यांस अभियंते करण्याची पद्धत पडली व ती पुष्कळ वर्षे चालली. निजामाच्या रेल्वेचा कारखाना सिकंदराबादेजवळ लालागुडा येथे होता. सेलूहून तेथे एकाच गाडीने जाता येत होते. तरीही ते अंतर मैलांनी मोजण्याजोगे नव्हते. १९१८ मध्ये हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि १९२९ मध्ये त्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठाच उपक्रम होता व त्याबद्दल त्याच्या प्रवर्तकांस श्रेय दिलेच पाहिजे. परंतु ती देशी भाषा उर्दू होती. मराठवाड्यातील मुलास दाब, उष्णता व विद्युत्प्रवाह ह्यांच्याशी झुंजण्यापूर्वी लिपीशी झुंजावे लागे. ज्याच्या घरी मराठीखेरीज दुसरे काही बोलले जात नाही, असा कोष्ट्या-सुताराचा मुलगा ह्या दारातून आत जाणे कठीणच होते. मराठवाड्यात ठिकठिकाणी खाजगी प्रयत्नांनी ज्या शाळा निघाल्या व ज्यांत सेलूचे नूतन विद्यालयही येते, त्यांचे महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर कळते. परंतु त्या शाळा अक्षरांच्या होत्या. हत्यारांची शाळा अद्याप दूर होती.

ह्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकास एक प्रयोग चालू होता. हर्मन श्नायडर हा अमेरिकेतील लीहाय विद्यापीठात अध्यापक होता. विद्यापीठाच्या आवाराला लागूनच पोलादाचा प्रचंड कारखाना होता. एका संध्याकाळी फिरत असता तेथील भट्टीचा झोत त्याच्या विचारात व्यत्यय आणता झाला आणि त्याच्या मनात आले की, आपण लाखो रुपये खर्चून महाविद्यालयात प्रयोगशाळा बांधतो, आणि ही येवढी प्रयोगशाळा भिंतीपलीकडे आयती उभी आहे, अशी हकीकत सांगतात. पुढे तो सिनसिनाटी विद्यापीठात गेला आणि १९०६ मध्ये सत्तावीस विद्यार्थी घेऊन त्याने आपली योजना अमलात आणली. तिचे मर्म असे की, विद्यार्थ्यांच्या जोड्या लावावयाच्या; एकजण कारखान्यात असता दुसरा वर्गात, आणि ठराविक दिवसांनी अदलाबदल. कारखान्याची जागा कधी रिकामी राहत नाही व विद्यार्थ्याचे पुस्तक कधी फार काळ मिटलेले राहत नाही. कामाबद्दल त्याला मजुरीही मिळे. इंग्लंडात संडरलंड येथे १९०३ पासून ह्याच जातीची पद्धत चालू होती. एक थर वर्गाचा व एक थर कारखान्याचा म्हणून तिला सँडविच असे खाद्यपदार्थाचे नाव पडले. कानडातील वॉटर्लू विद्यापीठ तर १९५७ मध्ये ह्या पायावरच उभारले गेले, आणि तेथील विद्यार्थी आपल्या शिक्षणाच्या काळातच वीज-पाण्याच्या कंपन्यांत, कारखान्यांत व कचेऱ्यांत आळीपाळीने काम करून येतात.

श्नायडरच्या योजनेत आम्हांस जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते ती मजुरी नव्हे आणि अनुभवही नव्हे. ती म्हणजे परत येणे. कारखान्यात पडलेला प्रश्न घेऊन मुलगा पुढच्या आठवड्यात गुरुजींपुढे बसतो. मग गुरुजींसही आपले टिपण बदलावे लागते. गुरूकडे परत जाण्याची वाट उघडी ठेवणे ही कल्पना आपल्या लोकांस परकी वाटू नये. साईबाबांचे गुरू सेलूचेच गोपाळराव देशमुख होते, अशी श्रद्धा बाळगणारे भक्त आजही आहेत. त्या श्रद्धेची शहानिशा करण्याचे हे स्थळ नव्हे. सेलूच्या मनात शिष्यत्वाला जागा आहे, एवढेच येथे पुरे.

आपल्याकडे कामातून शिक्षणाचा विचार निराळ्या वाटेने आला. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन ह्यांच्या समितीने अभ्यासक्रम तयार केला आणि नई तालीम जन्मास आली. तिचे केंद्र हस्तव्यवसाय होता. चरख्यावर सूत काढता काढता गणित, इतिहास, भूगोल सर्व काही शिकावे, अशी तिची उभारणी. श्नायडरने विद्यार्थ्याला कारखान्यात पाठविले. गांधीजींनी कारखाना शाळेत आणिला, आणि तोही हाताच्या मापाचा. दोघांच्या कल्पनेत फार मोठे अंतर आहे. परंतु हात मळविल्यावाचून डोके तयार होत नाही, ह्यावर दोघांचे एकमत दिसते.

स्वातंत्र्यानंतर डॉ. दौलतसिंग कोठारी ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये शिक्षण आयोग नेमला गेला. त्याचे सचिव कोल्हापूरकडील जे. पी. नाईक होते. १९६६ च्या अहवालात आयोगाने सर्व सामान्य शिक्षणाचा एक अविभाज्य भाग म्हणून जे सुचविले, त्याला मराठीत 'कार्यानुभव' असे सुंदर नाव मिळाले. आयोगाची कल्पना भव्य होती. शाळेत, घरी, शेतात, कर्मशाळेत किंवा कारखान्यात, कोठेही का होईना, विद्यार्थ्याने प्रत्यक्ष उत्पादक कामात भाग घ्यावा. आणि जसजसे समाजात विज्ञान व यंत्र वाढेल तसतसा हा अनुभवही त्यांच्याकडे झुकावा. पुढे १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्यास 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे लांबलचक नाव दिले. महाराष्ट्रातील ज्या वाचकांनी गेल्या पन्नास वर्षांत शाळा पाहिली असेल, त्यांस ह्या भव्य कल्पनेचे काय झाले हे सांगावयास नकोच. कार्यानुभव म्हणजे आठवड्यातून एक-दोन तास, कागदाची फुले, खडू, मेणबत्त्या आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आईने पूर्ण करून दिलेला रुमाल. गावात वीज आली, उपकेंद्र बसले, रेल्वेचे रूळ रुंद झाले. शाळेतील कार्यानुभव मात्र मेणबत्तीच्या उजेडातच बसून राहिला. दोष शिक्षकांचा म्हणावा तर त्यांच्या हाती साधन नव्हते, आणि गावातील वीजमंडळाच्या कचेरीस शाळेचे दार ठाऊक नव्हते.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० च्या जूनमध्ये अस्तित्वात आले. मराठवाड्याच्या दृष्टीने ही घटना राज्यस्थापनेइतकीच मोठी समजली पाहिजे. सेलूच्या शेजारच्याच जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण बांधले गेले व १९६८ मध्ये तेथे साडेसात मेगावॅटचे तीन संच, म्हणजे एकूण साडेबावीस मेगावॅटचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. बीड जिल्ह्यात परळीस १९७१ पासून कोळशावरचे केंद्र चालू झाले. आरंभीचे संच तीस-तीस मेगावॅटचे होते, मागाहून दोनशे दहांचे आले. ज्या मुलखातील हुशार मुलास यंत्र पाहण्यासाठी हैदराबाद किंवा मुंबई गाठावी लागत होती, त्यास आता एस. टी. ने जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशा अंतरावर टर्बाइन फिरू लागले. ठिकठिकाणी औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. त्यांच्या पाट्यांवरील वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, कातारी, संधाता ही नावे वाचताना आमच्या मनास नेहमी संतोष होतो. ज्यांनी ती घडविली त्यांनी मराठीची मोठी सेवा केली आहे. गावात मात्र तारतंत्र्याला अजूनही वायरमनच म्हणतात, हे खरे.

आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवारांविषयीचा कायदा १९६२ च्या १ मार्चपासून अमलात आला. १८५० च्या कायद्याशी तुलना केली असता ह्याचा थोरपणा सहज पटतो. अनाथांची सोय लावणे हा आता हेतू राहिला नाही. देशाला कुशल कारागीर हवेत, आणि ते तयार करण्याचा भार मोठ्या कारखान्यांनी व उपक्रमांनी उचललाच पाहिजे, हे तत्त्व आले. किती कामगारांमागे किती शिकाऊ घ्यावयाचे ह्याचे प्रमाण ठरले, विद्यावेतन ठरले, कामाचे तास ठरले. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक अभियंते ह्या कक्षेत आले, आणि त्यांच्या विद्यावेतनाचा अर्धा वाटा केंद्र सरकारने उचलण्याची व्यवस्था झाली. १९८६ मध्ये बारावीच्या व्यवसाय-अभ्यासक्रमाचे विद्यार्थीही आले. वीजमंडळासारखा उपक्रम, ज्याची उपकेंद्रे तालुक्यातालुक्यात पसरलेली आहेत, हा शिकाऊ उमेदवारांचा मोठा आसरा ठरला, ह्यात नवल नाही.

वीजमंडळात मुलगा शिकतो म्हणजे नेमके काय शिकतो? प्रशिक्षण संस्थेच्या बाकावर तो स्विच जोडतो, मीटर लावतो, मोटारीची वेटाळणी उकलतो. तेथे चूक झाली तर फ्यूज जातो व गुरुजी रागावतात. उपकेंद्रात तेहेतीस हजार व्होल्टचा प्रवाह येतो, अकरा हजारांचा होऊन फीडरवर जातो, आणि गावोगावच्या रोहित्रांवर, ज्यांस लोक डीपी म्हणतात, तो घरगुती मापाचा होतो. त्या फीडरवर काम करावयाचे असेल तर प्रथम उपकेंद्रातील यंत्रचालकाकडून परमिट घ्यावे लागते. परमिट म्हणजे एक कागद. परंतु त्या कागदाचा अर्थ असा की, हा फीडर मी बंद केला आहे आणि तू लेखी परत कळविल्यावाचून कोणत्याही कारणाने तो चालू होणार नाही. त्यानंतर खांबाजवळचा एबी स्विच उघडावयाचा, तो खरोखर तिन्ही ठिकाणी उघडला की नाही हे डोळ्यांनी पाहावयाचे, मग तारांना भूमीशी जोडणारी काठी लावावयाची, आणि त्यानंतरच वर चढावयाचे. इतके करूनही धोका उरतो. कारण त्याच तारेवर एखाद्याचे जनित्र उलट दिशेने प्रवाह सोडीत असू शकते, किंवा शेजारच्या फीडरची तार वाऱ्याने येऊन टेकू शकते. तार मेली आहे की जिवंत, हे तिच्याकडे पाहून कळत नाही. ह्या एका वाक्यात वीजमंडळातील सर्व विद्या साठविलेली आहे, आणि ती बाकावर बसून येत नाही. पावसाळी रात्री, गाव अंधारात असता, शेतकरी फोनवर फोन करीत असता, परमिट मिळेपर्यंत थांबण्याचा जो धीर लागतो, तो जुन्या लाइनमनच्या शेजारी उभे राहूनच शिकता येतो.

आणि ह्याच ठिकाणी कायद्याचे कलम व खांबावरचे वास्तव ह्यांची गाठ पडते. कायद्याच्या अठराव्या कलमाने शिकाऊ उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे, असे स्पष्ट केले आहे. म्हणून कामगारविषयक कायदे त्याला लागू नाहीत. सोळावे कलम मात्र म्हणते की, शिकताना अपघात झाला तर कामगारांच्या नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याप्रमाणे मालकाने त्यास भरपाई द्यावी. म्हणजे पगाराच्या दिवशी तो विद्यार्थी असतो व अपघाताच्या दिवशी कामगार होतो. ह्यात विनोद वाटला तरी विसंगती नाही. तार दोघांस सारखीच ओळखते, हे कायदेकर्त्यांनी जाणले होते. अठराव्या कलमाचे समर्थनही करता येते. ज्याला शिकवावयाचे त्याला पूर्ण पगार द्यावा लागला तर कोणी शिकविणारच नाही, हा युक्तिवाद खोटा नव्हे. पण ते समर्थन एका अटीवर उभे आहे, आणि ती अट म्हणजे त्याला खरोखरच शिकविले जावे. जेथे चार लाइनमनांचे काम दोघे करीत आहेत, तेथे तिसरा म्हणून आलेला मुलगा शिकाऊ राहतो की फुकटातला मजूर होतो, हे कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही. ते त्याच्या शेजारचा माणूस त्याला 'थांब, आधी परमिट' असे म्हणतो की 'चढ लवकर' असे म्हणतो, ह्यावर ठरते. कायद्याने प्रशिक्षणाची दैनंदिनी व परीक्षाही ठेवली आहे. दैनंदिनी भरली जाते. परंतु तिच्यात काय लिहिले आहे हे सावकाश वाचणारा अधिकारी मिळणे हे शिकाऊ उमेदवाराचे खरे भाग्य होय.

वाट पाहण्याचा जो दुसरा धागा, त्याचे काय झाले? बाविसाव्या कलमाने स्पष्ट सांगितले की, करारात तसे नसेल तर शिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. उमेदवाराची उमेद कायद्याने ह्याप्रमाणे एका वाक्यात निकालात काढली. परंतु उमेद ही कलमाने मरणारी वस्तू नाही. वर्षभर ज्याने उपकेंद्राची झाडलोटही केली व फीडरही सांभाळला, त्याला आपण ह्या घरचेच झालो असे वाटल्यास त्यात त्याची चूक ती काय? अशा उमेदवारांची गाऱ्हाणी देशभर न्यायालयांत जाऊ लागली. उत्तर प्रदेशच्या राज्य परिवहन मंडळाच्या प्रकरणी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यम मार्ग सांगितला. नोकरीचा हक्क नाही. परंतु इतर गोष्टी समान असता, बाहेरून येणाऱ्यापेक्षा ज्याने शिकाऊ उमेदवारी पुरी केली त्यास अग्रक्रम द्यावा, वयाच्या अटीत सवलत द्यावी आणि आधी शिकलेल्यास आधी धरावे. हा निकाल वाचताना जुन्या कचेरीतील सतरंजीची आठवण होते. तेथेही आधी बसलेल्याचा मान आधी असे; फरक एवढाच की, तो मान आता लेखी झाला.

२००३ च्या वीज कायद्यानंतर २००५ च्या जूनमध्ये मंडळ मोडून निर्मिती, पारेषण व वितरण अशा निरनिराळ्या कंपन्या झाल्या. सेलूकरांचा संबंध मुख्यतः महावितरणाशी उरला. तो काळ भारनियमनाचा होता. मराठवाड्यातील शेतकरी रात्री-अपरात्री पंपाला वीज येण्याची वाट पाहत बसे. वितरण कंपनीने 'विद्युत सहायक' नावाची एक नवी पायरी काढली. तीन वर्षे ठराविक मानधनावर, आणि ती निभावली तर मग कायम तंत्रज्ञ. हिशेब करून पाहावा. संस्थेत दोन वर्षे, शिकाऊ उमेदवारीचे एक, जागा निघण्याची वाट पाहण्यात जातील ती, आणि वर सहायकाची तीन. मामलेदार-कचेरीतील उमेदवार इतकी वर्षे बसला असता तर त्याच्या चिकाटीच्या गोष्टी घरोघर सांगितल्या गेल्या असत्या. विद्यावेतन वाढले आहे, हे नमूद केले पाहिजे. २०१९ च्या नियमांनी शिक्षणाप्रमाणे दरमहा किमान पाच हजारांपासून नऊ हजारांपर्यंत आकडे ठरविले. २०२४ मध्ये राज्य सरकारने युवा कार्यप्रशिक्षणाची योजना काढून बारावीस सहा, पदविकेस आठ व पदवीस दहा हजार रुपये देण्यास आरंभ केला. मुदत सहा महिन्यांची होती, ती पुढे वाढवावी लागली, कारण सहा महिने संपताच प्रशिक्षणार्थी 'पुढे काय?' असे विचारू लागले. हा प्रश्न आम्हांस मुळीच नवा वाटत नाही.

परळीच्या केंद्राने तर ह्या विद्यार्थ्यांस एक धडा असा दिला की, जो कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेला नव्हता. २०१३ च्या आरंभी दुष्काळामुळे तेथे पाणी उरले नाही आणि केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ मध्ये पुन्हा तीच पाळी आली. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती. परंतु बाष्प करावयास पाणी नव्हते. मराठवाड्यात वीज शिकणाऱ्याने पाऊसही शिकला पाहिजे, असे तेव्हा कोणी म्हटले असेल तर ते अगदी योग्य होते.

एका गोष्टीत मात्र परभणी जिल्हा श्नायडरच्या पुष्कळ जवळ आहे, आणि ती वीजमंडळात नसून शेतात आहे. १९७२ मध्ये परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखले जाते. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षातील मुलेमुली 'ग्रामीण कृषी कार्यानुभव' ह्या नावाखाली खेडेगावांत जाऊन राहतात. गावकरी त्यांस कृषिदूत, कृषिकन्या म्हणतात. माती तपासणे, बीजप्रक्रिया करून दाखविणे, कीड ओळखणे अशी कामे ती करतात, आणि विशेष हे की, परत महाविद्यालयात जाऊन त्याचा जबाब देतात. कोठाऱ्यांचा शब्द येथे तरी मेणबत्तीतून सुटला. त्यांतही काही गावांत नुसती छायाचित्रे निघतात हे आम्ही ऐकून आहो. तथापि शिकणे, करणे व परत येणे ही तीनही पावले जागेवर आहेत. तंत्रनिकेतनांतील सँडविच अभ्यासक्रम सोडल्यास विजेच्या विद्यार्थ्याला तिसरे पाऊल लाभत नाही. तो आधी सर्व शिकून घेतो, मग खांबाजवळ जातो, आणि तेथे त्याला जो प्रश्न पडतो तो विचारावयास वर्ग उरलेला नसतो. ज्याने त्याला शिकविले त्या गुरुजींसही तो प्रश्न कधी कळत नाही, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांस ते जुनेच टिपण सांगतात. तालुक्याचे उपकेंद्र व तालुक्याची प्रशिक्षण संस्था ह्यांत अंतर फार नसते. अमेरिकेत भिंतीपलीकडच्या भट्टीने जे काम केले ते येथे उपकेंद्रातील रोहित्राच्या गुणगुणण्याने का करू नये, हे आम्हांस कळत नाही. त्यास नवा कायदाही नको. दोन अधिकाऱ्यांनी एकमेकांस पत्र लिहिले तरी आरंभ होईल.

१८५० च्या करारपत्रावर मुलाच्या बापाची सही लागे. १९६१ च्या कायद्यातही उमेदवार अज्ञान असेल तर करारावर पालकाची सही घेण्याची तरतूद आहे, आणि शेतकरी बाप ती कशी करीत असेल, वाचून की न वाचता, ह्याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. मूळ कायद्यात उमेदवाराचे किमान वय चौदा होते. २०१४ च्या दुरुस्तीने धोक्याच्या उद्योगांसाठी ते अठरा केले. सेलूचा मुलगा सोळाव्या वर्षी दहावी होतो आणि वीजतंत्र्याचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. म्हणजे हल्ली करारपत्रावर बहुधा तो स्वतःच सही करतो.